पहिला टप्पा पाण्याचा

२०२४ सालच्या जयंती सोहळ्यात आपल्या मंडळाने शाल व पुष्पगुच्छ देऊन आमचा सत्कार केला. निमित्त होते त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथे आम्ही पूर्ण केलेल्या दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉन शर्यतीचे. सत्काराबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. परंतु त्या प्रसंगी व्यासपीठावरून जे बोलले गेले ते ऐकून आम्हांस संकोच वाटला, आणि तो अद्याप गेलेला नाही. एका वक्त्याने आमच्या पोहण्याची तुलना थेट महाडच्या चवदार तळ्याशी केली. दुसऱ्या वक्त्याने इच्छाशक्तीपुढे काहीही अशक्य नसते असे सांगून सभागृहातील मुलांना आमचा आदर्श घेण्यास सांगितले. ही दोन्ही विधाने आम्हांस मान्य नाहीत. त्या दिवशी वेळ संपत आली होती, भोजनाच्या रांगा लागल्या होत्या, म्हणून आम्ही आभार मानून खाली उतरलो. आता संपादक मंडळाने स्मरणिकेत जागा देऊ केली आहे, तेव्हा राहिलेले उत्तर येथे देत आहोत.

पहिल्या विधानाचा समाचार थोडक्यात घेता येईल. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्याकडे चालत गेली, ती ओंजळभर पाणी पिण्याचा माणूस म्हणून असलेला हक्क बजावण्यासाठी. त्यांतील कित्येकांनी त्याच दिवशी मार खाल्ला. आम्ही मात्र शेकडो डॉलर प्रवेशशुल्क भरून, अंगात रबरी वेटसूट चढवून, बचावनौकांच्या पहाऱ्यात एका रम्य सरोवरात उतरलो आणि आमच्यासाठी लोकांनी टाळ्या वाजविल्या. या दोहोंना एका वाक्यात बसविणे हा महाडच्या सत्याग्रहींचा उपमर्द आहे. तरीही चवदार तळ्याचा आणि या शर्यतीचा काहीच संबंध नाही असे म्हणता येत नाही. तो संबंध वक्त्याने सांगितला त्याहून निराळा आहे, आणि तोच या लेखाचा विषय आहे.

प्रथम ही शर्यत काय असते ते सांगावयास हवे, कारण सत्कारानंतर अनेकांनी 'डॉक्टरसाहेब, किती मैल धावलात?' एवढेच विचारले. शर्यतीचे तीन टप्पे असतात व ते एकापाठोपाठ एक, विश्रांतीशिवाय पार पाडावयाचे असतात. आधी ३.८ किलोमीटर पोहणे, मग १८० किलोमीटर सायकल आणि शेवटी ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. या सर्वांस सतरा तासांची मर्यादा असते. पोहण्यासाठी २ तास २० मिनिटे मिळतात; तेवढ्या वेळात काठावर न आल्यास पुढची शर्यत आपल्यापुरती संपते. हा प्रकार जॉन कॉलिन्स नावाच्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याच्या व त्यांच्या पत्नी ज्युडी यांच्या डोक्यातून निघाला. हवाईच्या ओआहू बेटावर तीन स्वतंत्र स्पर्धा होत असत. पोहणारा श्रेष्ठ, सायकलवाला श्रेष्ठ की धावणारा श्रेष्ठ, या वादाचा निकाल लावण्यासाठी त्यांनी तिन्ही एकत्र जोडल्या. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण निघाले, बारा जण पोहोचले. विजेत्या गॉर्डन हॅलर यांस ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागली. दुसरा आलेला स्पर्धक बराच काळ आघाडीवर होता, परंतु वाटेत त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्यास बिअर पाजली, असा मजेदार तपशील त्या शर्यतीच्या इतिहासात नोंदला गेला आहे.

१९७८ हेच साल आमच्याही घरात नोंदले गेले, मात्र दुसऱ्या कारणाने. त्या वेळी आम्ही नऊ वर्षांचे होतो व विदर्भातील एका लहान खेड्यात राहत होतो. गावाला दोन विहिरी होत्या. पाटलांच्या मळ्यातील विहीर मोठी, पायऱ्यांची, भर उन्हाळ्यातही दोन पुरुष पाणी असलेली. गावची मुले पाठीला सुका भोपळा बांधून तेथे पोहावयास शिकत. थोरला भाऊ धाकट्यास ढकलून देई, खाली काका झेलावयास उभा असे. पोहण्याची शाळा म्हणतात ती हीच. आमच्या वस्तीची विहीर अरुंद होती, केवळ पिण्यापुरती. तीत कोण उतरणार? आणि पाटलांच्या विहिरीच्या काठावर आमच्या मुलांनी उभे राहिलेलेही चालत नसे. तसा फलक कोठेही नव्हता, त्याची आवश्यकताही नव्हती. म्हणून आमच्या वस्तीतील मुले गावाबाहेरच्या खदानीत जात. दगड काढून झाल्यावर उरलेला तो खड्डा पावसाळ्यात भरे. त्यास पायऱ्या नव्हत्या, उतार नव्हता, आणि काठावर पोहता येणारे मोठे माणूस नव्हते. त्या वर्षीच्या श्रावणात आमचा बारा वर्षांचा दादा तेथे गेला तो परतला नाही. त्यानंतर माय आम्हांस एकच वाक्य ऐकवीत राहिली: "पान्याजवळ जाशीन त तंगडं तोडीन." तिचा शब्द आम्ही एक्केचाळीस वर्षे पाळला. वैद्यकीय महाविद्यालयात असताना सहाध्यायी तरणतलावावर जात, तेव्हा आम्ही ग्रंथालयात असू आणि लोक आम्हांस अभ्यासू समजत.

या देशात आल्यानंतरही हे बदलले नाही. न्यू जर्सीतील घराजवळ सार्वजनिक तरणतलाव होता. मुलीस पोहावयास शिकविण्याचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा आम्हीच काही ना काही कारण सांगून तो टाळला. डॉक्टर बापाचे कारण कोण तपासणार? पुढे ती महाविद्यालयात गेली. तेथे मैत्रिणींबरोबर एका तळ्यावर गेली असता एकटीच काठावर बसून राहिली आणि घरी आल्यावर तिने विचारले, "बाबा, तुम्ही मला का शिकवलं नाही?" आम्ही दादाची हकिगत तिला प्रथमच सांगितली. त्यानंतरच्या आठवड्यात, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, बाप आणि लेक दोघांनी एकाच दिवशी स्थानिक तरणतलावावर नाव नोंदविले. ती चार महिन्यांत पोहू लागली. आम्हांस बराच अधिक काळ लागला, मध्येच मार्च २०२० मध्ये महासाथीने सर्व बंद पडले, आणि तो काळ कसा गेला हे आपल्यातील वैद्यकीय व्यवसायातील मंडळींस सांगावयास नको.

आमच्या शिक्षिका साठीच्या पुढच्या आफ्रिकन-अमेरिकन बाई होत्या. पहिल्या दिवशी आम्ही पाण्यात तोंड घातले आणि श्वास रोखून धरला. घाबरलेला प्रत्येक माणूस हेच करतो. छातीत हवा कोंडली की रक्तातील कर्बवायू वाढतो, वाढलेला कर्बवायू मेंदूस 'हवा संपली' असा निरोप देतो, आणि माणूस डोके वर काढून धापा टाकू लागतो. शरीरशास्त्राचा हा पाठ आम्ही विद्यार्थ्यांना अनेकदा शिकविला होता. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, हवा आत घ्यायची घाई नको. आधी होती ती सगळी बाहेर सोडा." पहिले सहा आठवडे आम्ही कठडा धरून केवळ पाण्यात बुडबुडे सोडीत होतो. शेजारच्या रांगेत पाच वर्षांची मुले सूर मारीत असत.

बाई स्वतः चाळिशीत शिकल्या होत्या. त्यांच्या आईवडिलांनी त्यांस पाण्याजवळ जाऊ दिले नव्हते. कारण विचारले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की त्यांच्या शहरातील तलावच त्यांच्यासाठी नव्हता. आम्ही पुढे हा इतिहास वाचला. २७ जुलै १९१९ रोजी शिकागो येथे युजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मिशिगन सरोवरात तराफ्यावरून वाहत गोऱ्यांच्या मानल्या गेलेल्या किनाऱ्याकडे गेला. काठावरून दगड मारण्यात आले व तो बुडाला. त्यातून उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली. १८ जून १९६४ रोजी फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टीन येथे एका मोटेलच्या तलावात कृष्णवर्णीय व गोरे आंदोलक एकत्र उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने पाण्यात आम्ल ओतले. त्याची छायाचित्रे जगभर गेली. पुढे कायद्याने तलाव खुले झाले, परंतु शिकविणारा बापच ज्यांस लाभला नव्हता त्यांच्या मुलांना कोण शिकविणार? अमेरिकन जलतरण संघटनेच्या प्रतिष्ठानाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ६४ टक्के कृष्णवर्णीय मुलांना पोहणे येत नव्हते किंवा जेमतेम येत होते. गोऱ्या मुलांत हे प्रमाण ४० टक्के होते. पालकांना पोहता येत नसेल, तर मूल शिकण्याची शक्यता अवघी १९ टक्के राहते, असेही ती संस्था सांगते. आम्ही हा आकडा वाचला तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे पाटलांची विहीर उभी राहिली. बंदी उठून दोन पिढ्या लोटल्या तरी ती घरातल्या घरात पाळली जाते, आणि पाळणारे आपणच असतो. आम्हीही आमच्या मुलीपुरती ती वीस वर्षे पाळली.

आता शर्यतीकडे वळू. लेक प्लॅसिड हे अडिरॉन्डॅक पर्वतातील लहानसे गाव. १९३२ व १९८० च्या हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धा येथे झाल्या. पोहण्याचा टप्पा गावाच्या मध्यावर असलेल्या मिरर सरोवरात होतो. दोन फेऱ्या असतात. सरोवरात पाण्याखाली बोयांची रांग बांधलेली एक तार आहे. ती खाली दिसत राहिली तर मान वर काढून दिशा पाहावी लागत नाही. म्हणून सर्वांनाच त्या तारेवर पोहावयाचे असते आणि तेथे लाथा-बुक्क्यांची देवाणघेवाण चालते. आम्हांसही तीच मोहाची जागा वाटली. तीनशे मीटरवर कुणाची तरी टाच चष्म्यावर बसली, पाणी नाकात गेले, आणि चार वर्षांचे सर्व शिक्षण क्षणात नाहीसे झाले. त्या क्षणी आम्हांस दादा आठवला असे लिहिले तर ते वाचावयास बरे वाटेल. परंतु ते खरे नाही. त्या क्षणी आम्हांस हवेखेरीज काहीच आठवत नव्हते. आम्ही हात वर केला, एक स्वयंसेविका कयाक घेऊन आली, आणि आम्ही तिची नौका धरून राहिलो. पुढे सरकले नाही तर नौका धरण्यास नियमांची आडकाठी नसते. तिने घाई केली नाही. आम्ही पाण्यात तोंड घालून बुडबुडे सोडले, दहा मोजले, पुन्हा सोडले. मग तारेपासून दूर, मोकळ्या पाण्यात, जास्तीचे अंतर पोहण्याचे ठरवून निघालो. पहिल्या फेरीनंतर स्पर्धकांना काठावर येऊन पुन्हा उतरावे लागते. तेथे थांबता येत होते. पत्नी व कन्या दोरीपलीकडे उभ्या होत्या. आम्ही पुन्हा उतरलो. दोन फेऱ्यांस १ तास ४७ मिनिटे लागली.

सायकलीचा टप्पा दीर्घ असला तरी सांगण्यासारखे त्यात थोडे आहे. कीनकडे जाणारा उतार इतका तीव्र आहे की आमच्यासारख्याने ब्रेकवरील बोटे सैल करू नयेत. नंतर जे व विल्मिंग्टन या गावांवरून ऑसेबल नदीच्या काठाने चढत परत यावयाचे, आणि हे सर्व दोनदा. शेवटच्या तीन चढांना एका बालकथेतील तीन अस्वलांची नावे आहेत. शेवटच्या 'अस्वल बाबा'वर एवढी गर्दी ओरडत असते की थांबण्याची लाज वाटावी. दुसऱ्या फेरीत नदीकाठच्या खडकांवरून काही मुले खोल पाण्यात उड्या घेताना दिसली. दहा-बारा वर्षांची असतील. एक वर आला की दुसरा उडी घेई, आणि खालच्या उथळ भागात कोणी एक वडीलधारा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. दादा तेथे आठवला. सायकल चालवितानाच डोळे भरून आले. चष्म्यामुळे कुणास दिसले नसावे.

धावण्याच्या टप्प्यात आम्ही जी चूक केली ती डॉक्टराने करण्यासारखी नव्हती, म्हणूनच ती सांगणे आवश्यक आहे. उन्हाच्या धास्तीने आम्ही प्रत्येक मदतकेंद्रावर दोन-दोन पेले साधे पाणी पीत गेलो. पंचविसाव्या किलोमीटरला मळमळ सुरू झाली, डोके जड झाले आणि बोटातील अंगठी रुतू लागली. तहानेपेक्षा अधिक पाणी पिऊन रक्तातील सोडियम उतरण्याचीच ही चिन्हे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्क्यांत सोडियम कमी आढळले होते. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हापासून आम्ही तो इतरांना सांगत आलो आहोत. पाणी बंद केले, चालू लागलो, रात्रीच्या केंद्रांवर मिळणारे खारट सूप घोट घोट घेतले. तासाभराने डोके हलके झाले. समाप्तीची रेषा ऑलिम्पिकच्या बर्फावरील शर्यतींच्या वर्तुळाकार मैदानात आहे. १९८० मध्ये एरिक हायडन यांनी येथेच पाच सुवर्णपदके जिंकली आणि पुढे ते अस्थिशल्यविशारद झाले. आमच्या व्यवसायबंधूंनी हे लक्षात ठेवण्यास हरकत नाही. आमची वेळ १५ तास ५८ मिनिटे. निवेदकाने आमचे आडनाव असे काही उच्चारले की पत्नीस दुसराच कुणी आला असे वाटले.

आता दुसऱ्या विधानाविषयी. इच्छाशक्ती आमच्याकडे १९७८ मध्येही होती, दादाकडे तर आमच्याहून अधिक होती. नव्हत्या त्या पायऱ्या, आणि नव्हते ते खाली झेलणारे माणूस. पन्नाशीत आम्हांस गरम पाण्याचा तलाव, धीराची शिक्षिका, खिशात पैसा आणि आठवड्याचे बारा-चौदा तास मिळाले. हे तास कोठून आले तेही सांगितले पाहिजे. नऊ महिने शनिवार-रविवार घरचा बाजारहाट, वृद्ध सासूबाईंची औषधे, पाहुणे, सर्व पत्नींनी एकटीने पाहिले. रविवारच्या वंदनेस आम्ही कित्येकदा अनुपस्थित राहिलो, त्याबद्दल ज्येष्ठांनी कान उघाडणी केली ती योग्यच होती. शाल खरे तर निम्मी-निम्मी करावयास हवी होती.

वैद्य म्हणूनही आम्ही ही शर्यत कोणास सुचविणार नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. त्यासाठी १८० किलोमीटर सायकल हाकण्याची गरज नाही. आपण दक्षिण आशियाई लोक. मधुमेह व हृदयविकार आपल्याला लवकर आणि कमी वजनावर गाठतात, म्हणूनच या देशात आपल्यासाठी मधुमेहाची तपासणी देहभार निर्देशांक २३ पासून सुचविली जाते. ज्यांना उतरावयाचेच असेल त्यांनी आधी हृदय तपासून घ्यावे. १९८५ ते २०१६ या काळात अमेरिकेतील ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू व हृदयक्रिया बंद पडण्याच्या १३५ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांपैकी ९० घटना पोहताना घडल्या, आणि बळींचे सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास होते. आमच्या वयाच्या पुरुषांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

परंतु पोहणे ही निराळी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. मंडळाची उन्हाळी सहल दरवर्षी सरोवराकाठी जाते. साठ-सत्तर माणसे असतात, मुले घोट्याइतक्या पाण्यात खेळतात आणि काठावरून मोठी माणसे ओरडत असतात, 'पुढे जाऊ नकोस!' तो स्वर आम्ही ओळखतो. आम्ही कार्यकारिणीस पत्र लिहिले आहे की सत्कार, शाली व स्मृतिचिन्हे यांवरील खर्च एक वर्ष थांबवावा आणि त्या पैशांत रविवार दुपारी तरणतलावाच्या दोन रांगा व एक शिक्षिका दहा आठवड्यांसाठी घ्यावी. मुलांसाठी तर हवेच, पण त्यांच्या आईवडिलांसाठीही, कारण वर दिलेला १९ टक्क्यांचा आकडा पालकांपासूनच सुरू होतो. कोषाध्यक्षांनी विमा आणि भगिनींचा पोशाख असे दोन आक्षेप घेतले. विम्याची चौकशी आम्ही केली आहे, तो तलावाच्या भाड्यातच येतो. पोशाखाविषयी आमच्या पत्नी उत्तरल्या की अंगभर पोशाख कोणत्याही दुकानात मिळतो आणि एक तास केवळ भगिनींसाठी राखता येईल; आक्षेप घेणाऱ्यांनी त्या तासाला घरी मुले सांभाळावीत.

हा लेख छपाईस जाईपर्यंत अकरा नावे आली आहेत. सात मुलांची, तीन भगिनींची, आणि एक आमच्या पत्नींचे. कोषाध्यक्षांचे नाव अद्याप यावयाचे आहे.